दोन आठवड्यांची मावशी : एक खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ, तसेच पुणे व मुंबई येथील प्रतिनिधी
(पेरूमधील कुस्को येथे स्वयंसेवक पाठवणारी संस्था)

विषय : किमान सहा महिने राहण्याची अट काढून चौदा दिवसांच्या सहली सुरू केल्याबद्दल.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि असाच उद्योग करणाऱ्या इतर कुणाला हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलंय असं वाटलं तर बरंच आहे. याआधी मी तुम्हाला दोनदा स्पॅनिशमध्ये आणि एकदा इंग्रजीत लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. आता तुमचं माहितीपत्रक मराठी घरांत पोचलंय, तेव्हा जाबही मराठीतच विचारते.

मी सातारा जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळांत सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली नऊ वर्षं कोयनेच्या खोऱ्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत. स्वेच्छानिवृत्ती घेतली, पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना बसून स्पॅनिश शिकले, व्हिसासाठी दिल्लीच्या दोन खेपा घातल्या आणि मार्च २०१७ मध्ये तुमच्यामार्फत कुस्कोला गेले. डिसेंबर २०१८ ला परतले. तिथलं शाळेचं वर्ष मार्च ते डिसेंबर असतं, म्हणजे पुरी दोन शैक्षणिक वर्षं झाली. पुढे २०२३ चं आणखी एक. सकाळी डोंगरावरच्या प्राथमिक शाळेत आणि दुपारनंतर तुमच्या आलबेर्गेत, असा माझा दिवस असे. आलबेर्गे म्हणजे मुलांचं निवासी घर. तुम्ही त्याला अनाथालय म्हणता. त्या शब्दाकडे मी येणारच आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीने मला एक पीडीएफ पाठवली. तिचा मुलगा बारावीत आहे, परदेशी विद्यापीठांत अर्ज करायचेत. अनाथालय, शाळा, माचू पिच्चू, शेवटी प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र. मुक्काम चौदा दिवस. पावणेदोन लाख रुपये, विमानाचं भाडं वेगळं. खाली भाचीने लिहिलं होतं, "मावशी, तू हेच करत होतीस ना?"

दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही.

मी तुमची संस्था निवडली ती एका अटीमुळे. किमान सहा महिने राहायचं, त्यातला पहिला महिना वर्गात मागे बसून फक्त बघायचं, आणि स्पॅनिशची तोंडी परीक्षा झाल्याशिवाय मुलांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तेव्हा मला ती अट जाचक वाटली होती. सव्वीस वर्षं शिकवलेल्या बाईला मागच्या बाकावर बसवतात म्हणजे काय! तीन आठवड्यांनी कळलं की ती अटच तुमच्या संस्थेचा कणा होती. तो कणा तुम्ही काढून टाकलात आणि कारण दिलंत 'वाढती मागणी'. मागणी कुणाची? मुलांनी तर काही मागितलेलं नाही.

आधी साधा हिशोब मांडते. कुस्को समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पहिले चार-पाच दिवस डोकं ठणकतं, जिना चढताना धाप लागते, अन्न नको होतं. तिकडे याला सोरोचे म्हणतात, आणि कोकाच्या पानांचा काढा देऊन झोपवून ठेवतात. चौदातून हे पाच गेले. तुमच्याच वेळापत्रकात माचू पिच्चू आणि उरुबांबाचं खोरं यांना तीन दिवस दिलेत. येण्याजाण्याचा एक धरा. उरले पाच. पाच दिवसांत मला कोयनेच्या शाळेत हजेरीपटावरची नावंसुद्धा पाठ होत नसत.

आता भाषेचं. वरच्या वस्त्यांमधून येणारी मुलं घरी केचुआ बोलतात. २०१७ च्या जनगणनेत पेरूत सुमारे ३७ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. १९७५ मध्ये तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी शाळेत आल्यावर मूल आधी गप्प होतं आणि मग हळूहळू स्पॅनिशमध्ये बोलायला लागतं. त्या मुलाशी तुमचा पाहुणा इंग्रजीत बोलणार. म्हणजे तिसरीच भाषा, आणि तीही पाच दिवस.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मराठी माणसालाच पटकन कळेल. केचुआत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. न्योकांचिस म्हणजे आपण, ऐकणारा धरून. न्योकायकू म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. स्पॅनिशमध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. माझ्याबरोबरची जर्मन आणि अमेरिकन मुलं हे शिकताना डोकं धरून बसत, आणि मला ते पहिल्याच दिवशी येत होतं. केचुआत माझी तेवढीच एक फुशारकी. तुमच्या इंग्रजी पत्रकात लिहिलंय की 'वी' मिळून आयुष्यं बदलतो. मराठी अनुवाद करणाऱ्याने त्याचं 'आम्ही मिळून आयुष्यं बदलतो' असं केलंय. त्याने नकळत खरं लिहिलं. त्या 'आम्ही'त मुलं नाहीत, त्यांच्या आया नाहीत, रात्री उशाशी बसणाऱ्या तिया, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बायका, नाहीत. म्हणून या पत्रात तुम्हाला मी 'आपण' म्हणत नाही, रागावू नका.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. पत्रकात तुम्ही कौतुकाने लिहिलंय की पहिल्याच दिवशी मुलं तुमच्या गळ्यात पडतील. पडतात, मी बघितलंय. दारात गाडी थांबली की चार वर्षांचा एक मुलगा धावत जाऊन जो पहिला उतरेल त्याच्या पायाला मिठी मारायचा. गाडीतून कोण उतरतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. एकदा गॅसच्या टाक्या आणणाऱ्याला त्याने अशीच मिठी मारली. तुमच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि फोटो निघायचे. माझ्या पोटात मात्र गोळा यायचा, कारण चार वर्षांचं घरातलं मूल अनोळखी माणूस आला की आईच्या पदराआड लपतं. तिकडे आईच्या पोयेराआड, म्हणजे घेरदार घागऱ्याआड लपतं, एवढाच फरक. जे मूल कुणाच्याही गळ्यात पडतं त्याला 'आपलं माणूस' कोणतं हेच ठरवता आलेलं नसतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आई आणि मूल यांच्यावर अहवाल लिहिला. आम्हाला डी.एड.च्या बालमानसशास्त्रात तो तीन ओळींत उरकलेला होता. त्या तीन ओळींचा अर्थ मला त्या दारात समजला. त्या मुलाला अजून एका पाहुण्याची गरज नव्हती. रोज तीच बाई त्याला उठवेल, तीच भरवेल आणि तीच रागावेल, एवढंच त्याला हवं होतं.

तशी बाई तिथे होती. सांभाळणाऱ्या बायकांना मुलं तिया म्हणतात, म्हणजे आपली मावशी किंवा आत्या. २०१८ मध्ये चोवीस मुलांमागे तीन तिया होत्या, त्यातली एक रात्रीची. एक तिया पगार परवडत नाही म्हणून सोडून गेली तेव्हा तिची जागा तुम्ही भरली नाहीत. "स्वयंसेवक आहेत ना," असं उत्तर मिळालं. मुलं मग त्या स्वयंसेविकांनाही तिया म्हणायला लागली. दर पंधरवड्याला नवी मावशी! पेरूत जानेवारी २०२५ पासून किमान वेतन महिना १,१३० सोल आहे, रुपयांत पंचवीस ते तीस हजारांच्या घरात. म्हणजे माझ्या भाचीच्या मुलाच्या पंधरवड्याच्या पैशांत एका तियाचा जवळजवळ अर्ध्या वर्षाचा पगार निघतो. हा पैसा जातो कुठे, हे मी २०१८ मध्ये विचारलं होतं, २०२३ मध्ये विचारलं होतं आणि आता चारचौघांत विचारते.

दुसरी तक्रार 'अनाथ' या शब्दाची. केचुआत अनाथाला वाक्चा म्हणतात. गरिबालाही वाक्चाच म्हणतात. ज्याला गणगोत नाही तो गरीब, असा त्या शब्दाचा हिशोब आहे. पैशांचा त्यात उल्लेख नाही. तुमच्या घरातली मुलं गरीब होती, पण वाक्चा नव्हती. चोवीसपैकी एकोणीस मुलांची आई किंवा वडील किंवा दोघेही हयात होते. मी वहीत मांडून ठेवलं होतं, शिक्षकी सवय. कुणाची आई लिमात घरकाम करत होती, कुणाचा बाप माद्रे दे दिओसच्या जंगलात सोनं धुवायला गेला होता, कुणाचं गाव शाळेपासून चार तासांच्या चालीवर होतं. रविवारी आया यायच्या, पाठीवरच्या रंगीत कापडात भाजलेला मका आणि उकडलेले बटाटे बांधून. जमिनीवर फडकं पसरून सगळ्यांना वाटायच्या, मलाही. आणि त्याच रविवारी तुमचे पाहुणे सहलीला गेलेले असायचे, त्यामुळे 'अनाथ' मुलांच्या आया त्यांना कधी दिसल्याच नाहीत. हे वेळापत्रक मुद्दाम तसं आखलं होतं असा आरोप मी करत नाही. पण ते तसं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. केवळ गरिबी हे मूल घरापासून तोडण्याचं कारण होऊ शकत नाही, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. पेरूने डिसेंबर २०१६ मध्ये कायदेशीर हुकूम क्रमांक १२९७ काढला. त्याचाही सगळा भर मुलाने कुटुंबात राहावं यावर आहे आणि संस्था हा शेवटचा उपाय आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आमसभेच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे, पर्यटनाच्या निमित्ताने होणाऱ्या स्वयंसेवेमुळेसुद्धा, मुलांना होणारं नुकसान रोखायला सांगितलं. हे सगळं तुमच्या कार्यालयात कुणालाच माहीत नसेल असं मी मानत नाही.

एका मुलीबद्दल सांगते. नाव सांगणार नाही. २०१७ मध्ये ती सहा वर्षांची होती. आई-वडील दोघेही जिवंत, दोघेही लिमात, आजी कुस्कोहून तीन तासांवरच्या गावात. डिसेंबर २०१८ मध्ये मी निघाले त्या दिवशी सगळी मुलं निरोपाला ओळीत उभी होती आणि ही नव्हती. शोधलं तर मागच्या हौदावर मोजे धूत बसलेली. थंडगार पाणी, हात लाल झालेले. मी जवळ बसले. मान वर न करता तिने विचारलं, "तुझ्या जागी कोण येणार?" मी परत कधी येणार, हे तिने विचारलं नाही.

मी तिथे एकवीस महिने राहिले होते. तरीही मी तिच्यासाठी एक जागा होते आणि ती जागा कुणीतरी भरत असतं, हे तिला सात वर्षांच्या वयात पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला वाटेल, ही बाई स्वतःला साव समजून आम्हाला चोर ठरवतेय. नाही. मुलांच्या निजायच्या खोलीत सहा महिन्यांचा माणूसही असू नये, एकवीस महिन्यांचाही नाही, या मताला मी आज आलेय. तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. सहा महिन्यांच्या अटीने निदान वर्गाचं भलं होत होतं. चौदा दिवसांत वर्गाचंही होत नाही आणि घराचंही.

पुढची गोष्ट. मार्च २०२० मध्ये पेरू बंद झाला. तुमचे स्वयंसेवक मिळेल त्या विमानाने गेले, त्याबद्दल त्यांना दोष नाही. तिया आलटून पालटून आठवडाआठवडा मुलांबरोबर आत कोंडून घेऊन राहिल्या, स्वतःची पोरं घरी टाकून. त्यांचे आवाजी निरोप मला साताऱ्यात येत. त्या साथीत पेरूची जी हानी झाली तिला तोड नाही. २०२१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २१ देश होते, आणि सांभाळणारं माणूस गमावलेल्या मुलांचं प्रमाण पेरूत सर्वांत जास्त होतं, दर हजार मुलांमागे दहाहून अधिक. त्या मुलीचे वडील लिमात त्याच साथीत गेले. त्यानंतर सरकारने अशा मुलांना महिना २०० सोल पेन्शन सुरू केली. दर दोन महिन्यांनी ४०० हातात येतात. आई गावी परतली, मुलीला घेऊन गेली, तिघी एकत्र राहायला लागल्या.

पुन्हा वाचा. दोन्ही पालक जिवंत होते तेव्हा ती तुमच्या पत्रकात अनाथ होती. बाप खरोखर गेला तेव्हा ती घरी गेली. मधे फरक पडला तो महिना २०० सोलचा. तुमच्या पावणेदोन लाखांत असे किती महिने बसतात ते तुम्हीच काढा.

२०२३ मध्ये मी त्यांच्या घरी गेले. मातीच्या विटांचं घर, चुलीपाशी गिनीपिग फिरत होते. आजीने किविचाची पेज दिली. ती चाखून मी ओरडलेच, हा तर आपला राजगिरा! मुलगी हसली. आजी केचुआत काहीतरी म्हणाली त्यात मला एकच शब्द कळला, न्योकांचिस.

तिसरी तक्रार शाळेची, आणि इथे मी शिक्षिका म्हणून बोलते. माझ्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाने २०२३ मध्ये इंग्रजी रंगांची नावं अकरा वेळा शिकली. येणारा प्रत्येक पाहुणा रंगांपासून सुरू करायचा आणि क्रियापदांपर्यंत पोचायच्या आत परत जायचा. पोरं इतकी शहाणी की बाराव्याच्या वेळी त्यांनी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली, त्याला बरं वाटावं म्हणून! वर्गाचे खरे गुरुजी तेवढा वेळ भिंतीला टेकून उभे असत. त्यांच्या गणिताचा तास गेलेला असे. भागाकार राहिला तो राहिलाच.

आणि तुमच्या तारखा कुणी ठरवल्या? एक तुकडी डिसेंबरअखेर, नाताळच्या सुट्टीत. तेव्हा तिथल्या शाळा बंद असतात, मार्चपर्यंत. त्यात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे पावसाळा, दरडी कोसळून रस्ते तुटतात. मग पाहुण्यांसाठी मुलं गोळा करायची आणि 'शाळा' भरवायची. दुसरी तुकडी जूनमध्ये. जून हा कुस्कोचा सणाचा महिना. २४ तारखेला इंती राय्मी, म्हणजे सूर्याचा सण असतो, त्याआधी मुलं नाचांच्या आणि मिरवणुकांच्या तालमींत बुडालेली असतात. गणपतीच्या आठवड्यात कोकणातल्या शाळेत कुणी भूमिती शिकवायला उतरलं तर जे होईल तेच.

शाळेच्या बाबतीत माझाही एक गुन्हा कबूल करायचा आहे. जून २०१७ मध्ये कुस्कोत शिक्षकांचा संप सुरू झाला. तो देशभर पसरला आणि सप्टेंबरच्या तोंडापर्यंत चालला. पगार कमी होता, आणि मूल्यमापनात नापास झाल्यास नोकरी जाण्याची भीती होती. त्या संपातून पुढे आलेले पेद्रो कास्तियो हे खेड्यातले प्राथमिक शिक्षक २०२१ मध्ये पेरूचे राष्ट्राध्यक्ष झाले. संपात तुम्ही आम्हाला वर्गावर पाठवलंत, 'मुलांचं नुकसान नको' म्हणून. मी गेले. मी, जी इकडे आयुष्यभर शिक्षक संघटनेची वर्गणी भरत आले! तिसऱ्या दिवशी शाळेतल्या एक बाई फाटकाशी भेटल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या देशात तुम्ही संपावर असताना आम्ही येऊन शिकवलं असतं तर?" दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही, पण ते तीन दिवस माझ्या नावावर आहेत. हे मी तुमच्या तेव्हाच्या समन्वयकांना लेखी कळवलं होतं. फुकट राबणारा माणूस वर्गात उभा केला की पगारी माणसाची किंमत कमी होते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. २०१७ मध्ये तुम्ही माझ्याकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला घेतला होता. २०२३ मध्ये मागितला नाही. आताच्या अर्जात टी-शर्टचं माप विचारलंय, चारित्र्य दाखला नाही. लहान मुलं राहतात त्या घरात अनोळखी प्रौढ माणूस सोडताना, आणि सोबत अठरा वर्षांची मुलं पाठवताना, एवढंही करावंसं वाटू नये याचं आश्चर्य वाटतं. मी कुणावर संशय घेत नाही. दाखला संशयितांसाठी नसतोच, तो सगळ्यांसाठी असतो.

पुण्या-मुंबईच्या पालकांनाही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचत असतील. तुमच्या मुलांच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या भाचीचा मुलगा गुणी आहे. त्याला अँडीज बघायचाय तर खुशाल जावं, डोंगर बघावेत, पिसाकच्या बाजारात फिरावं. आपल्या घरात रोज शिजणारा बटाटा पहिल्यांदा जिथे पिकला त्या मातीत बटाट्याचे किती रंग असतात ते बघून थक्क व्हावं. शिक्षकांच्या हाताखाली वर्षभर राबायची तयारी असेल तर तेही करावं. फक्त दुसऱ्याच्या मुलाच्या बिछान्याशी चौदा दिवस बसून त्याची शिफारसपत्रं करू नयेत. तुमच्या सोसायटीच्या बालवाडीत पेरूहून कुणी अनोळखी तरुण दोन आठवड्यांसाठी आला आणि मुलांना आंघोळ घालू लागला, तर तुम्ही काय कराल?

आता मागण्या. साध्या आहेत.

एक. मुलांशी थेट संबंध येणाऱ्या कुठल्याही कामासाठी किमान सहा महिन्यांची अट परत आणा. शाळेसाठी तर पूर्ण शैक्षणिक वर्षाची करा, मार्च ते डिसेंबर. पहिला महिना मागच्या बाकावर.

दोन. निवासी घरात मुलांना भरवणं, आंघोळ घालणं, निजवणं हे काम फक्त पगारी, स्थानिक, केचुआ बोलणाऱ्या तियांकडे द्या. स्वयंसेवकाला भांडी, हिशोब, बाग, छप्पर दुरुस्ती यांत भरपूर काम आहे. तिकडच्या खेड्यांत आयनी चालते, आपल्याकडच्या सावडीसारखी. आज तू माझ्या शेतावर, उद्या मी तुझ्या. त्या भावनेने आलेला माणूस भांड्यांना नाक मुरडणार नाही, आणि जो मुरडेल त्याला पाठवू नका.

तीन. स्वयंसेवकांकडून घेतलेल्या पैशांचा गेल्या पाच वर्षांचा हिशोब जाहीर करा. किती कुस्कोत पोचले, त्यातले तियांच्या पगारावर किती गेले, मुलांना घरी परत पाठवण्यासाठी त्यांच्या कुटुंबांवर किती. या शेवटच्या रकान्यात आजवर शून्य असेल तर शून्य लिहा.

चार. ज्यांचे आई किंवा वडील हयात आहेत त्या मुलांना अनाथ म्हणणं आजपासून थांबवा. कोणतं मूल घरी जाऊ शकतं हे तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेबरोबर, एकेका मुलाचा कागद काढून ठरवा.

पाच. चारित्र्य दाखल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. संप चालू असताना वर्गावर कुणालाही पाठवू नका.

सहा. मुलांचे फोटो जाहिरातीतून काढा. सगळे.

डिसेंबरच्या तुकडीची नोंदणी सध्या चालू आहे. ती थांबवा, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. मराठी, स्पॅनिश, इंग्रजी, कुठल्याही भाषेत चालेल. उत्तर आलं तर याच ठिकाणी, एक शब्द न गाळता मी ते प्रसिद्ध करीन. माझं काही चुकलं असेल, एखादा आकडा, एखादी तारीख, तर तेही दाखवा, मी दुरुस्त करीन. तुमच्यापैकी कुणाला बसून बोलायचं असेल तर मी पुण्याला येऊ शकते. चहा मी पाजीन.

कळावे,

एक निवृत्त शिक्षिका
जिल्हा सातारा

ता. क. : तीस दिवसांची मुदत चौथ्या पानावरच्या फोटोला लागू नाही. निळा स्वेटर, गालांवर थंडीचे लाल चट्टे, खाली ओळ : 'हिला आई-बाबा नाहीत, तुम्ही आहात.' ही तीच मुलगी. फोटो मीच २०१७ मध्ये काढला होता, शाळेच्या फलकासाठी, आणि तुम्हाला दिला होता. ते मी करायला नको होतं. गेल्या महिन्यात तो मी तिच्या आईला फोनवर दाखवला. खालची ओळ काय आहे ते तिने विचारलं, मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांना सांगा मी आहे. लिहिता येत नाही म्हणून तिने हे माझ्यावर सोपवलंय. फोटो आजच काढा.